उरलेलं कॉस्टिक

साबणमावशीच्या वजनात खोट काढायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. बावीस वर्षं ती घरामागच्या पत्र्याच्या खोलीत साबण करत होती. दहा किलो खोबरेल, पावणेदोन किलो कॉस्टिक सोडा. कॉस्टिक मुद्दाम जरा कमीच, म्हणजे ते आधी संपतं आणि थोडं तेल मागे उरतं. उरलेल्या तेलाने कातडी मऊ राहते, उरलेल्या कॉस्टिकने सोलून निघते. तिची बोटं आता इतकी निबर झाली होती, की त्यांना चटका कळत नसे. म्हणून प्रत्येक घाणा सुकला की ती वडीला जिभेचं टोक लावून बघायची. जीभ चुरचुरली, तर कॉस्टिक उरलं.

गेल्या खेपेला खोबरेल सहाच किलो निघालं. मावशीने वर चार किलो शेंगदाण्याचं तेल ओतलं.

"ताई, कॉस्टिक तेवढंच घालायचं?" धाकट्या जावेने विचारलं.

"तेल ते तेल गं. दहा किलो भरलं ना?"

काटा बरोबर दहावर होता. त्या भरवशावर महिन्याने वड्या सुकल्यावर जीभ लावायचंही तिने टाळलं. अनुभव माणसाला असा आळशी करतो.

पहिली वडी नवऱ्यासाठी. लकव्याने त्याची वाचा गेली होती, हात उचलत नव्हते. रोज सकाळी ती त्याचं अंग धुवायची. नवी वडी काढल्यापासून त्याच्या डोळ्यांतून धारा लागत. बायकोकडून हे करून घ्यावं लागतं, हेच त्याला सलत असणार, असं मावशीला वाटायचं. "उगी, माझ्यापाशी कसली लाज?" म्हणत ती साबणाचा आणखी एक हात फिरवायची.

चौथ्या दिवशी जाऊ लालेलाल गाल घेऊन आली. "ताई, तोंड भाजलं हो माझं या वडीने!"

मावशीने जीभ लावली आणि झटक्याने मागे घेतली.

तेलवाल्याने दिलेला तक्ता भिंतीवरच होता. तिने आजवर त्यातली खोबरेलाची ओळ तेवढी वाचली होती. खोबरेलाच्या किलोला एकशे त्र्याऐंशी ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगदाण्याच्या किलोला एकशे छत्तीसच. तिने खडूने हिशेब मांडला. दोन्ही मिळून सोळाशे बेचाळीस ग्रॅम. घातलं होतं साडेसतराशे. या वेळी तेल आधी संपलं होतं, आणि शंभरावर ग्रॅम कॉस्टिक वड्यांत तसंच बसून होतं.

वड्या बाजूला काढायला जावेला सांगून ती आत धावली. नवऱ्याची पाठ लालबुंद झाली होती. बादली दिसताच त्याने डोळे घट्ट मिटले.

"साधं पाणी आहे हो," ती म्हणाली. कितीतरी वेळ ती पाणी ओतत राहिली, मग तिने विचारलं, "भाजत होतं ना तुम्हाला?"

त्याने मान डोलावली. हो-नाही एवढं त्याला मानेने सांगता येत होतं. चार दिवसांत तिने विचारलंच नव्हतं.