पोस्टमास्तरांना लेख पटला

संमेलन असलं की गोळीवाले दुकान बंद ठेवत. एरवी औषधांचं ते दुकान बंद असं कधी कोणी पाहिलं नव्हतं. घरात लग्न असलं तरी सकाळी दोन तास शटर अर्धं वर करून ते आत बसणार आणि खोकल्याचं औषध देता देता घरून येणाऱ्या फोनला "निघालोच" म्हणून सांगणार. "माझ्या माहेरी जायचं म्हटलं की अख्ख्या गल्लीला ताप येतो," त्यांची बायको म्हणायची, "आणि तुमचं संमेलन आलं की सगळे कसे ठणठणीत!" यावर गोळीवाल्यांकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नसतं एवढं राजकारण त्यांना कळत होतं.

संमेलन राजकारणावर ब्लॉग लिहिणाऱ्यांचं. हल्ली हे समजावून सांगावं लागतं. एके काळी चांगली शहाणीसुरती माणसं कामधंदा उरकून संगणकापुढे बसायची आणि शहराच्या कारभारावर पानंच्या पानं लिहायची. पैसे कोणी देत नव्हतं, लिहा म्हणून कोणी गळ घालत नव्हतं. शाळामास्तर लिहायचे, बँकेतले कारकून लिहायचे, दातांचे एक डॉक्टर तर दोन पेशंटांच्या मध्ये लिहायचे. त्यातलेच आपले गोळीवाले. त्यांच्या ब्लॉगचं नाव 'दिवसातून दोनदा'. लिहायचे आठवड्यातून दोनदा, पण नाव त्यांचं त्यांना फार आवडलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

'गोळीवाले' हे नाव मात्र पोस्टमास्तरांनी दिलेलं. हे पोस्टमास्तर खरेखुरे, मोठ्या पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा ब्लॉग 'उलट टपाल'. त्यात स्वतःहून ते फारसं काही लिहीतच नसत. दुसऱ्याने काही लिहिलं की ते कसं साफ चूक आहे, एवढंच लिहायचं. आणि हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा गोळीवालेच.

भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, की नगरसेवकांनी आपल्यातून? गोळीवाले म्हणत लोकांनी, पोस्टमास्तर म्हणत नगरसेवकांनी. दोघांच्याही ओळखीचा एकही नगरसेवक नव्हता. पित्ताची गोळी न्यायला एक जण गोळीवाल्यांच्या दुकानात यायचे, पण त्यांना घाई असायची. ज्यांना नगराध्यक्ष व्हायचं होतं त्यांनीसुद्धा या प्रश्नावर इतकं डोकं शिणवलं नसेल.

पहिल्यांदा भेटले ते पहिल्या संमेलनात. शिक्षक संघटनेचं वरच्या मजल्यावरचं सभागृह होतं आणि भिंतीवरचा एकच प्लग चालू. गळ्यातल्या बिल्ल्यावर माणसाचं नाव बारीक आणि ब्लॉगचं नाव ठळक, पण दोरीला लटकलेला बिल्ला कधी सुलटा राहिलाय? त्या प्लगपाशी दोन अनोळखी माणसं आपापली वायर घेऊन उभी राहिली, "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत गप्पांना लागली.

"तसा मी शांत माणूस आहे हो," उंच गृहस्थ म्हणाले. "पण एक औषधवाला आहे. त्याचं वाचलं की माझं डोकं उठतं. आणि डोकेदुखीची गोळी विकतो कोण? तोच! धंदा कसा जमवलाय बघा."

गोळीवाल्यांना हे इतकं आवडलं की ते स्वतःवरच हसतायत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. शहरात काय एकच औषधवाला आहे? ते म्हणाले, "तुमचं बरं म्हणायचं. माझ्या मागे एक टपालवाला हात धुऊन लागलाय. नोकरी सुटली, पण दुसऱ्याचं उघडून वाचायची खोड काही जात नाही."

मग दोघांनीही हळूच समोरच्याचा बिल्ला सुलटा केला. आजूबाजूला पन्नास जण खटाखट टाइप करत होते आणि वक्ता खाली बसायच्या आत त्याच्यावरची टीका तयार होत होती, पण या कोपऱ्यात सामसूम. शेवटी पोस्टमास्तरांनी आपली वायर काढून घेतली. "घ्या, आधी तुम्हीच," ते म्हणाले. "तुम्ही काही लिहिल्याशिवाय मला तरी काय काम आहे?"

तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. सकाळी ब्लॉगवर एकमेकांची सालटी काढायची आणि दुपारी फोन करायचा, "वाचलंत का?" अहो-जाहो मात्र कधी सुटलं नाही. अहो-जाहो असलं की अपमान नीट करता येतो, असं पोस्टमास्तरांचं मत होतं. त्यांची बायको गेली तेव्हा गोळीवाले रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन नुसते बसायचे. एका संध्याकाळी पोस्टमास्तर म्हणाले, "नवीन काही लिहिलं नाहीत ते? लिहा हो. या घरात आता भांडायला कोणी नाही." त्या रात्री गोळीवाल्यांनी जो लेख लिहिला त्यात मुद्दाम दोन ढळढळीत चुका ठेवल्या होत्या. पोस्टमास्तरांनी तीन काढल्या.

आणि मग दोन वर्षांपूर्वी एका लेखाखाली 'उलट टपाल'कडून चार शब्द आले. 'लेख वाचला. लेख पटला.'

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. गोळीवाल्यांनी गिऱ्हाईक समोर उभं ठेवून पोस्टमास्तरांच्या लेकीला फोन लावला. "काका, तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली. बाबा आजच बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले होते.

त्यानंतर सगळं भराभर उतरणीला लागलं. आधी तारखा गेल्या, मग नावं, मग माणसं. गोळीवाले भेटायला जात तेव्हा पोस्टमास्तर उठून उभे राहत आणि "या साहेब" म्हणत. साहेब! सगळ्या जगाला नावं ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकला की गोळीवाल्यांना जिना उतरवत नसे. त्यांनीही मग लिहिणं सोडलं. बायकोला म्हणाले डोळे दुखतात. बायकोने थेंब आणून टेबलावर ठेवले.

या वर्षी संमेलनाच्या वकीलबाईंचा फोन आला. पहिल्यापासून सगळा व्याप त्याच सांभाळत. "हे शेवटचंच समजा. आता लिहितंय कोण? जो तो कॅमेऱ्यापुढे बोलतो. जाता जाता जुन्या वैऱ्यांना एकदा मंचावर बसवू म्हणते. तुमची जोडी हवीच." गोळीवाले हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर आशेने मनात घर केलं होतं. तेच सभागृह, तीच माणसं, तेच भांडण. कुणी सांगावं? एकदाच, फक्त एकदा त्यांनी 'काय हो गोळीवाले' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

लेकीने बाबांना इस्त्रीचा शर्ट घालून तयार ठेवलं होतं. "काका, ओळखतील असं धरून चालू नका हं," ती हळूच म्हणाली. "छे, छे," गोळीवाले म्हणाले, आणि तसंच धरून चालले.

सभागृह तेच होतं, पण निम्म्या खुर्च्या भिंतीला रचलेल्या. प्लग आता जागोजागी होते आणि वायर घेऊन येणारं कोणी नव्हतं. मागे चार-पाच तरुण मोबाइल उभे करून त्यांच्याशी बोलत होते. दातांचे डॉक्टर काठी टेकत आले आणि गोळीवाल्यांच्या गळ्यात पडले. कोण गेलं, कोण मुलाकडे परदेशी असतं, कोणाचा ब्लॉग पासवर्ड विसरल्यामुळे बंद पडला, सगळं बोलून झालं. गोळीवाल्यांचा ऊर भरून आला. किती भांडलो इथे, आणि किती छान भांडलो! पोस्टमास्तर सगळ्यांकडे बघून गोड हसत होते, आणि तेच बघवत नव्हतं. त्या माणसाला कधी कोणी गोड हसताना पाहिलेलं नव्हतं.

मंचावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. गोळीवाल्यांनी माइक धरला आणि नगराध्यक्ष थेट लोकांनीच का निवडावा ते जीव तोडून मांडलं. मध्ये मध्ये मुद्दाम थांबले, खोड काढायला जागा ठेवली.

"बरोबर आहे तुमचं," पोस्टमास्तर म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा जुनाच तिरकसपणा करतोय. गोळीवाल्यांनी दुसरा मुद्दा काढला, मग तिसरा.

"अगदी बरोबर आहे साहेब."

आता कोणी हसलं नाही. वकीलबाई पदर सावरत उठायला लागल्या. पहिल्या रांगेत लेक मान खाली घालून बसली होती. आपण या माणसाला चारचौघांत कशाला आणून बसवलं, असं गोळीवाल्यांना झालं. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. माइक खाली ठेवणार तोच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही, मी माझं म्हणणं मागे घेतो. नगराध्यक्ष नगरसेवकांनीच निवडावा."

लोक सावरून बसले.

"लोक जाब विचारायला येतात चार-पाच वर्षांनी एकदा," गोळीवाले बोलत सुटले. "नगरसेवक दर महिन्याला समोर बसतो. ज्याला सारखं तोंड दाखवायचं असतं, धाक त्याचाच असतो." यातला एक शब्दही त्यांचा नव्हता. वर्षानुवर्षं सकाळी दात घासायच्या आधी वाचलेलं 'उलट टपाल' जसंच्या तसं बाहेर पडत होतं. माझं नाही तर त्यांचं त्यांनाच ऐकवू, आपलं म्हणून तरी ओळखतील, एवढाच विचार त्यांच्या मनात होता.

पोस्टमास्तरांची मान हलायची थांबली. कपाळाला आठी पडली. त्यांनी एक बोट वर केलं.

"थांबा. हे साफ चूक आहे."

सभागृहात कोणी हलेना.

"नगरसेवक किती? साठ. साठांना खूश ठेवायला काय लागतं हो? साठ हजारांना ठेवून दाखवा!" आवाज खणखणीत. "माझ्या दुकानासमोर खड्डा आहे. तो बुजवायचा तर मी कुणाची कॉलर धरायची? ज्याला मी निवडलं, त्याची!"

पोस्टमास्तरांचं जन्मात कुठे दुकान नव्हतं. तो खड्डा गोळीवाल्यांचा, ती कॉलर गोळीवाल्यांची. 'दिवसातून दोनदा'मधला फार जुना लेख. पोस्टमास्तरांनी त्या वेळी त्याच्या चिंध्या केल्या होत्या. पण आता थांबायचं कसं? गोळीवाल्यांनी पोस्टमास्तरांचा पुढचा मुद्दा काढला. पोस्टमास्तरांनी तो गोळीवाल्यांच्याच शब्दांत आडवा केला. आणखी एक काढला, तोही गेला. हा माणूस फक्त चुका काढायला वाचतो असं इतकी वर्षं वाटायचं, आणि त्याला ओळ न् ओळ पाठ! गोळीवाल्यांचा भर मंचावर पुरता धुव्वा उडाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, लेक हसत होती आणि डोळे पुसत होती.

परतताना टॅक्सीत लेक पुढे बसली, दोघं मागे. पोस्टमास्तर खुशीत होते, चेहऱ्यावर लाली चढली होती. गोळीवाले वाट बघत होते. घर जवळ आलं तसं पोस्टमास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका साहेब. बोललात बरं तुम्ही. पण आज नशिबाने वाचलात. आमचे गोळीवाले आले नव्हते. ते असते ना, तर तुमची काही धडगत नव्हती."

"फार हुशार आहेत का?" गोळीवाल्यांनी विचारलं.

"हुशार कसले! हट्टी आहेत नुसते." पोस्टमास्तर जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण खरं सांगू? बायको गेल्यावर मी सकाळी उठायचो ना, ते त्यांचं वाचायलाच. हे त्यांना सांगू नका हं. डोक्यावर चढून बसतील."

"नाही सांगत," गोळीवाले म्हणाले.