मार्गशीर्षात वर गेलेली रेघ

बदनापूरच्या तहसील आवारात लिंबाखाली गेली अठ्ठावीस वर्षे मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतचे असले, तरी माझ्या मसुद्यातील एकही ओळ आजवर कोणा साहेबाने खोडलेली नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. म्हणूनच माझ्या भाचीने अर्जांचे मोबाईल ॲप बनवले, तेव्हा नमुने मजकडूनच घेतले. गिऱ्हाइकाने चहाच्या किमतीत ॲप घ्यावे, नाव-गाव भरावे आणि अर्ज छापावा, अशी ती योजना होती. ना कंपनी, ना भागीदार. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून ती एकटी काम करी. टेबलाच्या त्या बाजूला मी आजही पिशवी ठेवत नाही.

पहिल्या जूनमध्ये दाखल्यांच्या गर्दीत ॲप भरपूर खपले. पावसाळ्यात पीकविमा आणि पंचनाम्याच्या अर्जांवर तगले. दिवाळी सरली आणि मोबाईलवरची विक्रीची रेघ जमिनीला टेकली. तिच्याकडे पुण्याच्या नोकरीचे पत्र येऊन पडले होते. संक्रांतीच्या आत होकार कळवायचा आणि होकार दिला की ॲप बंद करायचे, असे तिने ठरवले होते.

‘मामा, लोकायला नको झालंय हे,’ ती म्हणाली.

मला ते पाहवेना. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी ती आली नव्हती. त्या दिवशी मी चहावाला, मुद्रांक विक्रेता, दोन शिपाई आणि तारखेला आलेली माणसे, अशा सर्वांना ॲप घ्यायला लावले. आवारात माझा शब्द सहसा कोणी मोडत नाही.

मंगळवारी ती मोबाईलवर वर गेलेली रेघ बघत बसली. मी चष्मा पुसत राहिलो.

‘मामा, गिऱ्हाईक कोणत्या गावचं हे बी मला दिसतं.’

‘असं?’

‘सगळे बदनापूरचे. जालन्यात एक न्हाई.’

‘गावाला आपल्या लेकीचा अभिमान असतो.’

‘चहावाल्या काकांनी त्यांचा अर्ज दाखवला मला. कारणाच्या रकान्यात लिव्हलंय, तुमचे मामा म्हणाले म्हणून.’

ती हसली, मग तिने मोबाईल पालथा ठेवला. ‘मंग आता पुण्याला हो म्हणते.’

तेव्हा मला माझी खरी चूक कळली. मी तिला अर्ज दिले होते. अर्जांचे ऋतू सांगितले नव्हते. मी पत्र्याची पेटी उघडून गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. दिवाळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आवारात शुकशुकाट असतो. त्या महिन्यांत मी जूनच्या अर्जांचे मायने आणि शेवट आधीच लिहून ठेवतो. मधला मजकूर कोरा.

‘हे दरसाली?’

‘दरसाली. तुझ्या आजोबांनी भाकड म्हैस कधी बाजारात नेली का? चारा बराबर घालत राह्यले.’

तिने गठ्ठा बराच वेळ हातात धरला. संक्रांत आली, गेली. होकार तिने कळवला नाही. उन्हाळाभर मी नवे नमुने सांगत गेलो आणि ती ते ॲपमध्ये भरत गेली. वाक्य लांबले की म्हणायची, ‘मामा, मोबाईलला दम लागतो.’ मी छाटायचो. तेवढा मान मी दुसऱ्या कोणास दिलेला नाही.

जूनमध्ये रेघ उठली. ती गावे वाचून दाखवू लागली. तीर्थपुरी, केदारखेडा, आणि मग अशी गावे, जी मी केवळ पाकिटांवर लिहिली होती.

आता ती संभाजीनगरला असते, ॲप तेथूनच चालवते. लोक तिचे छापील अर्ज घेऊन माझ्याकडे येतात, ‘बराबर हाय का?’ विचारतात. मी माझीच वाक्ये वाचतो आणि बराबर आहे म्हणतो.

मार्गशीर्षात मात्र तिचा फोन चुकत नाही. ‘मामा, भाकड लागलं.’ मग मी पेटी उघडतो आणि जूनच्या अर्जांचे मायने लिहायला घेतो. हल्ली त्यातले निम्मेही लागत नाहीत.