थेंबाची कड

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. सत्त्याण्णव साली, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतून शोधनिबंध छपाईला गेला आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

ताई तिथे मदतनीस होती. उल्हासनगरच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, राहायला आमच्यात, अंबरनाथच्या बुवापाड्यात. काम असं: डीएनएचे आखूड तुकडे एका आम्लात मिसळायचे, थेंब स्टीलच्या पट्टीवर सुकवायचा आणि त्यावर लेझर मारायचा. तुकडे उडतात. पलीकडे पोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र त्यांचं वजन सांगतं. प्रयोगशाळेचे साहेब थेंबाच्या मधोमध लेझर मारत बसले. कितीतरी आठवडे कागदावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

"कडेला मारा ना सर," ताई म्हणाली. "मीठ आधी बांधाकडेच धरतं." आमचा आजा मिठागरात राबलेला.

"घ्या, मिठागरवाली आली शिकवायला!" साहेब हसले. पण मारला कडेला. तिथल्या सुयांसारख्या स्फटिकांतून कागदावर एकच उंच, स्वच्छ सुळका वर आला. निबंधात ती युक्ती साहेबांची झाली.

आता माझं सांगते. मी ताईवर जळायचे. तिचा पांढरा कोट आई वेगळा धुवायची, नीळ घालून. मी कारखान्यांच्या सांडपाण्यावर पत्रकं काढायचे, तर मला म्हणायची, "शाईचे हात भिंतीला लावू नकोस." गल्ली ताईला विचारायची, "काय गो, आज काय शोधलंस?" माझ्या पत्रकात लोक भजी बांधून न्यायचे.

निबंध जायच्या दोन दिवस आधी ताई म्हणाली, "बाय, तुझ्या लिहिण्याला धार आहे. साहेबांना अर्ज लिहून दे, माझं नाव घाला म्हणून."

"उद्या लिहिते," मी म्हटलं. अख्ख्या पाड्याचे अर्ज लिहिणारी मी! दुसऱ्या दिवशीही म्हटलं, उद्या. वाटलं, एकदा तरी हिलाही कळू दे, कुणी विचारत नाही म्हणजे काय ते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. "गेला," एवढंच बोलली. आईने कोट भिजवायला घेतला तर म्हणाली, "नीळ नको घालूस."

साहेबांनी नाव खाल्लं, अर्ज मी खाल्ला. दोघांनाही माफ करू नका. आणि तुमच्या टेबलावर असा कागद पडला असेल, तर तो थांबवा. कड कुणी दाखवली ते विचारा आणि तिचं नाव आजच्या आज घाला.