मागच्या दाराशी उभी बाई

म्युझियममध्ये जुन्या डच बंगल्यांची रेखाचित्रं लावली होती. एका चित्रात अंगणात मालक-मालकीण उभे, त्यांच्या कॉलरची लेससुद्धा काढलेली. मागच्या दाराशी बादली घेऊन उभ्या बाईला मात्र चेहराच नव्हता.

"कामवाली ना, म्हणून," माझी मुलगी म्हणाली.

तेव्हा मी तिला एकदाचं सांगून टाकलं. माझी आई आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आली होती, तेव्हा तिला पोळ्या लाटताना पाहून एका पाहुण्याने मला विचारलं, "या मावशी कुठे मिळाल्या, यार?" आईने पुण्यात घरोघरी पोळ्या करूनच मला शिकवलं होतं. ते कळेल या भीतीने मी नुसता हसलो. तिने ऐकलं. त्यानंतर पाहुणे आले की ती खोलीतच बसायची. परत गेली आणि वर्षभरात वारली.

"बट यू सेड सॉरी, राइट?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.