मामांचे मासे आणि ताकातली पूड

"पोरी, तू मासं खातीस न्हवं? मग बाजारच्या दिवशी ये," एवढंच बोलून मामांनी फोन ठेवला. हे माझे सख्खे मामा, फौजेतून निवृत्त, माण तालुक्यात राहतात. गळ्यात तुळशीची माळ, आणि शेततळ्यात चक्क मासे! निघाले की मी लगेच.

सांगलीहून स्कूटीवर तासगाव, विटा, मायणी. एसटीनं जाणार असाल तर विट्यात गाडी बदला. मायणीत गरमागरम भजी आणि कडक चहा घेतला. पन्नास रुपयांच्या आत पोट टम्म! पुढं ऊस संपतो आणि उघडे माळ, मेंढरं सुरू होतात. पाण्याची बाटली भरून घ्याच.

तळं बघितलं तर काय! पाणी पार तळाला गेलेलं.

"आठ दिसांत विकलं न्हाई तर सगळं मरतंय बघ," मामी म्हणाल्या.

घोडं अडलं होतं खाद्यावर. मामा त्यात एक पांढरी पूड मिसळतात, कॉफीत घालतात त्या चिकोरीच्या मुळातला तंतुमय पदार्थ. माशाला तो पचत नाही, पण त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू त्यावर पोसतात. पोट बरं तर मासा बरा, इतकं साधं. पण गावात आवई उठली, मामा माशांना औषध घालतात! मागच्या बाजारात एक मासा खपला नव्हता.

"मला माळ हाय, मी कसा खाऊ? तू खाऊन दाव," मामा म्हणाले.

मग काय! बाजारात भर उन्हात बसून मी तळलेल्या रोहूच्या तुकड्या भाकरीबरोबर चापल्या. काय चव होती, अहाहा! गर्दीही जमली. तेवढ्यात एक म्हातारेबुवा म्हणाले, "भाचीच हाय ती, खानारच की!" सगळे खो-खो हसले आणि पांगायला लागले. असा संताप आला म्हणून सांगू!

मामांनी शेजारच्या बाईकडून पेलाभर ताक घेतलं, पिशवीतली पूड दोन चमचे घातली आणि ढवळली. मग माळेला हात लावून म्हणाले, "मासं मला चालत न्हाई. माशाचं जेवान चालतंय." आणि गटागटा प्यायले.

 मग त्याच म्हाताऱ्यानं पिशवी पुढं केली. "दे रं गड्या, एक किलो." माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. दुपारपर्यंत सगळी पाटी रिकामी झाली, आणि तळ्यात उरलेल्या माशांसाठी विट्याचा व्यापारी संध्याकाळी टेम्पो घेऊन आला.

घरी येऊन दोन दिवस झाले. ताटभर मासा खाऊन मी जे पटवू शकले नाही ते एका पेल्यानं पटलं, हे काही डोक्यातून जात नाही. काळजीनं फोन केला, "मामा, पोट कसं आहे?"

"लय झकास! पर तुझ्या मामीनं पूड कुलपात घातलीया. सारा गाव ताक घिऊन दारात उभा ऱ्हातोय, ती म्हनती, समद्यांस्नी वाटली तर पुढच्या माशांस्नी काय घालनार?"