धर्मराजांचं खुरपं अन् शाळेमागचं रान

नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणतात, पण मी घेते, कारण चूक त्यांचीच हाय. धर्मराज. आख्ख्या हसनाबादेत यांच्या रानात तण औषधालाबी सापडायचं न्हाई. पाहुण्याच्या लग्नाला गेलो तरी मांडवाच्या कडेचं गवत उपटत बसणार. मी मेली लाजेनं अर्धी होते!

शाळेमागं लिंब-बाभळीचं एक जुनं रान हाय, मधून ओढा जातो. तिथं बाटल्या, फुटक्या काचा अन् गावभरचा कचरा; लेकरांना तिकडं फिरकूबी देत नव्हते. शीतल मॅडम बदलून आल्या अन् म्हणाल्या, लेकरं झाडाखाली, किडे-पाखरं बघत शिकली पाहिजेत. हेडसरांनी अट घातली, सोमवारी केंद्रप्रमुख बघायला येणार, त्यांना पटलं तर वर्ग भरवा, न्हाईतर फाटकाला कुलूप. मंग मॅडमनी गावाला श्रमदानाला हाक मारली.

मुनीरभाईंनी टेम्पो आणला, बायांनी काचा वेचल्या. मॅडम फळा आणायला जालन्याला निघाल्या अन् जाता जाता यांना म्हणाल्या, "काका, मी येईपर्यंत जागा साफ करून ठेवा बरं का."

शेतकऱ्याला असं म्हणतात व्हय? यांनी चार गडी गोळा केले, खुरपी घेतली, अन् ओढ्याच्या अलीकडची सगळी जागा खळ्यावाणी चकचकीत करून टाकली. झुडपं गेली, पाला गेला, वारुळंबी सपाट! मॅडम आल्या अन् डोक्याला हात लावून बसल्या.

"काका, अहो मी आता लेकरांना दाखवू काय? इथं मुंगीसुद्धा ऱ्हायली न्हाई!"

"बराबर केलं की मॅडम," हे छाती फुगवून म्हणाले. "एक काडी शिल्लक न्हाई."

मॅडमचा चेहरा रडवेला झाला तवा कुठं यांच्या ध्यानात आलं. ओढ्यापलीकडचा तुकडा तेवढा वाचल्ता. तिथं फक्त वाटेवरचे काटे काढायचे, बाकी कशाला हात लावायचा न्हाई, असं ठरलं. यांनी मान डोलवली. पण घरी आल्यावर भाकरी तशीच ताटात.

"उषे, लोकं काय म्हणतील? धर्मराज असताना कमरेएवढं गवत? माझी इज्जत जाऊन राह्यली."

"जाऊ द्या तुमची इज्जत! त्या लेकरांची शाळा जाईल ना," म्हणत मी खुरपं हिसकून माळ्यावर फेकलं.

सोमवारी केंद्रप्रमुख आले. लेकरांची रांग ओढा ओलांडून आली. हे एका बाभळीला टेकून, दोन्ही हात बगलेत दाबून उभे. मॅडम म्हणाल्या, "बघा बरं, इथं काय काय उगवलंय?"

शेतकऱ्यांचीच लेकरं ती! बघायचं सोडून सगळी खाली बसली अन् उपटायलाच लागली. मुनीरभाईंची लायबा तर फुलावर आलेला कुर्डू, म्हंजे रानातलं नेहमीचं तण, मुळासकट घेऊन यांच्याकडं पळत आली. "चाचा, देखो, जड से निकाला!"

केंद्रप्रमुखांच्या कपाळाला आठी. मॅडमचा चेहरा उतरलेला. अन् ती पोरगी शाबासकीसाठी यांच्याकडं बघून राह्यलेली. एरवी यांनी पाठ थोपटून तिला खांद्यावर घेतली असती.

हे खाली बसले. बोटानं माती उकरली, कुर्डू हळूच खड्ड्यात उभा केला, भोवती माती दाबली अन् आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी वर ओतलं.

"बेटा, ह्याला इथंच राहू दे. इथून कुणी काढायचं न्हाई," हे म्हणाले.

लायबा दोन्ही हात मागं घेऊन बघत बसली. बाकीची लेकरंबी जवळ सरकली. कुर्डूच्या फुलावर एक बारका किडा चढला होता; तो कुठं चाललाय यावरून तिथंच भांडण पेटलं. केंद्रप्रमुखसाहेब स्वतः चष्मा सावरून वाकले, अन् उठताना म्हणाले, "मॅडम, दर शनिवारी भरवा वर्ग."

मला हसू आवरंना अन् डोळेबी भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तण लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आता रोज सकाळी कळशी घेऊन निघतात. आमची कपाशी पाण्यावाचून माना टाकून राह्यली, अन् हा माणूस आधी कुर्डूला पाणी घालून येतो!