चीफबाईंच्या लंडन फेऱ्या

ऑफिस जितकं लहान, तितके किस्से जास्त साठतात. आमचं ऑफिस म्हणजे ईलिंगमध्ये एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या! काम मात्र जगभरच्या आदिवासींच्या हक्कांचं. दोन हजार सालानंतर काही वर्षं कॅनडाच्या उत्तरेतल्या क्री लोकांच्या नेत्या, चीफ अ‍ॅग्नेस, आमच्याकडे येत. त्यांच्या नदीवर धरण होणार होतं, गावाची जमीन बुडणार होती. आणि जुना करार होता तो ब्रिटनच्या राणीशी, म्हणून लंडन. त्यांना सगळीकडे न्यायचं काम माझं.

*

पहिल्याच खेपेला एअरपोर्टवर मी ताटकळत उभी. सगळी फ्लाइट बाहेर आली, बाईंचा पत्ता नाही. शेवटी आल्या त्या हसतच.

"काय झालं?"

"तो इमिग्रेशनवाला विचारत होता, इथे किती दिवस राहणार? मी म्हटलं, हा प्रश्न तुम्हाला विचारायचं आमच्या पणजोबांच्या लक्षातच आलं नाही!"

*

एकदा घरी जेवायला आणलं. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने 'रेड इंडियन' एवढंच ऐकलेलं, तिला कोडं पडलं. "अगं, या इंडियन म्हणजे आपल्यातल्या का?"

मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या आईला म्हणाल्या, "तो गोरा निघाला होता तुम्हाला शोधायला. दार वाजवलं आमचं!"

आई ओशाळली. "म्हणजे आमच्यापायी तुम्हाला केवढा त्रास!" म्हणाली, आणि पुरणपोळीवर आणखी तूप वाढलं.

*

नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत भाषण होतं. ओळख करून देणारे प्रोफेसर भलतेच हळवे झाले. 'लोप पावत चाललेली संस्कृती' हे शब्द पुन्हा पुन्हा.

बाई उठल्या. "आम्ही लोप पावतोय हे कृपा करून माझ्या नातवंडांना येऊन सांगा. सकाळी बाथरूम लवकर मोकळं होईल!"

*

एका सरकारी ऑफिसात मोठ्या मुश्किलीने भेट मिळाली. साहेब अतिशय सभ्य. चहा, बिस्किटं, आणि मग, "तो करार आता कॅनडाचा विषय आहे. आमच्या दृष्टीने तो संपला."

बाई म्हणाल्या, "करारावेळी आमच्या लोकांना सांगितलं होतं, सूर्य उगवतोय तोवर तो टिकेल." मग खिडकीतून बाहेरचं करडं आभाळ बघितलं. "लंडनमध्ये बसून तुमचा गैरसमज होणं साहजिक आहे."

साहेब मनापासून हसले. धरण मात्र झालं. बाईंच्या आईवडिलांना पुरलं होतं ती जागा पाण्याखाली गेली. पुढच्या खेपेला त्या दुसऱ्या नदीसाठी आल्या.

*

त्या खेपेला कार्डिफला सभा होती. लहानपणी सरकारने आईपासून तोडून बोर्डिंग स्कूलमध्ये कसं नेलं, क्री बोललं की पट्ट्याने कसं मारायचे, हे बाईंनी आवाज न चढवता सांगितलं. मुक्काम माझ्या मैत्रिणीकडे, अश्विनीकडे. ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर.

जेवणानंतर अश्विनीच्या आईचा नाशिकहून फोन आला. तिने नऊ वर्षांच्या लेकीच्या, सईच्या हातात रिसीव्हर दिला.

"हॅलो आजी... तू कसा आहेस?... येस... फाइन... बाय!" आणि पळाली.

"काय बोलली?" बाईंनी विचारलं.

"तिला मराठी फारसं येत नाही," अश्विनी हसून म्हणाली. "मारून मुटकून थोडंच शिकवायचं? घरात आपोआप इंग्रजीच झालं."

बाई खोचकपणे बोलत नव्हत्या. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"आमची भाषा सुटावी म्हणून दोन पिढ्यांना पट्ट्याने मारावं लागलं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आपोआप कसं झालं?"

अश्विनी किटली भरायला उठली. किटली भरलेलीच होती.